कप्प्यातला दिवा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून भारदस्त विषयावर बोलावे, असा संकेत आहे. मातृभाषा, संस्कृती, बृहन्महाराष्ट्राचे ऐक्य यांवर आपण विद्वानांची व्याख्याने ऐकलीतच. आम्ही पडलो केंद्र सरकारचे नोकर, शिक्षण बी. ए.पर्यंत, उभी हयात फायलींवर शेरे मारण्यात गेली. ज्यात स्वतःच्या हातांनी काही केले, असा एकच विषय आमच्यापाशी आहे. मोटारीच्या डॅशबोर्डातील डाव्या हाताच्या कप्प्यात दिवा कसा बसवावा, हा तो विषय. आपण हसलात, हे ठीकच झाले. परंतु त्यामागची हकीकत हसण्याजोगी नाही.

दोन वर्षांपूर्वी बेळगावचे एक लग्न आटोपून आम्ही जे. पी. नगरला परतत होतो. पल्ला सुमारे ५०० किलोमीटरांचा. मागे आमची ८१ वर्षांची आई आणि तिच्या शेजारी आमची पत्नी. आईला मधुमेह; इन्शुलिन चालू. हावेरी मागे पडली, अंधार झाला, जेवण लांबले. आणि आई एकाएकी असंबद्ध बोलू लागली. अंगाला दरदरून घाम फुटला. रक्तातील साखर उतरली की असे होते, आणि रोगी शुद्धीवर असून त्याला गिळता येत आहे तोवर साखर पोटात गेली पाहिजे, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्यासाठीच साखरेची डबी कप्प्यात ठेवलेली होती.

मोटार कडेला घेऊन आम्ही कप्पा उघडला. आत काळोख. पत्नीचा मोबाईल वाटेतच बंद पडला होता. आमचा ब्रेकच्या हिसक्याने आसनाखाली गेला होता. छतातला दिवा लावला, तर वाकलेल्या आमच्याच डोक्याची सावली कप्प्यात पडू लागली. विम्याचे कागद, प्रदूषणाचा दाखला, टोलच्या जुन्या पावत्या, चष्म्याचे घर, सारे हाती लागले. डबी तेवढी लागेना. अखेर सगळा कप्पा पायाशी उपडा केला तेव्हा ती सापडली. साखर दिल्यावर काही वेळाने आई भानावर आली आणि ‘गाडी का थांबवलीस?’ म्हणून आमच्यावरच रागावली. शोधण्यात दोन मिनिटे गेली, असे पत्नी म्हणते. आम्हांस ती फार मोठी वाटली.

महागड्या मोटारींत असा दिवा कारखान्यातूनच येतो. आमची मोटार स्वस्तातली. एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो, तर ‘एवढ्याशा कामासाठी डॅशबोर्ड कोण उघडणार?’ असे म्हणून त्याने हात झटकले. १९०५ साली ज्या शहराचे रस्ते शिवनसमुद्रच्या विजेने उजळले, त्या शहरात वीतभर कप्पा अंधारात राहावा, हे आमच्या मनास पटेना. एका रविवारी जयप्रकाशनगर स्थानकावरून मेट्रोने कृष्णराजेंद्र मार्केटला गेलो. सदर पत्रप्पा रस्त्यावर विजेचे किरकोळ सामान आणि जयचामराजेंद्र रस्त्यावर मोटारींचे सुटे भाग मिळतात, हे बेंगळूरकरांस सांगावयास नको.

पहिला प्रयत्न फसला, तो प्रांजळपणे सांगतो. आम्ही ५ वॅटचा जुन्या धर्तीचा बल्ब आणला आणि किल्ली काढल्यावरही ज्यात वीज राहते अशा जोडणीवर तो बसवला. फ्रिजच्या दारात असते तसले बटण लावले: दार बंद झाले की दाबले जाते आणि दिवा विझतो. पुढे तीन दिवसांच्या सरकारी दौऱ्यावर गेलो. परतलो, तो मोटार मुकी! बटण केसभर आत बसल्यामुळे दाबलेच जात नव्हते आणि बंद कप्प्यात दिवा अहोरात्र जळत होता. १२ व्होल्टवर ५ वॅटचा बल्ब सुमारे ०.४ अँपिअर खातो. दिवसाचे झाले १० अँपिअर-तास. आमची बॅटरी अवघी ३५ची. तिसऱ्या दिवशी ती मान टाकणारच. शिवाय बल्बच्या आचेने विम्याच्या पाकिटाचा कोपरा पिवळा पडला होता, तो वेगळाच.

दुसऱ्या खेपेस शहाणपणाने वागलो. ज्यांना हे काम करावयाचे असेल, त्यांनी क्रम ध्यानात ठेवावा. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी आणि पुस्तिकेत सांगितला असेल तितका वेळ थांबावे. कारण कप्प्याच्या वरच्या अंगास बहुधा एअरबॅग असते. तिच्या तारा व जोड पिवळ्या रंगाने ओळखता येतात. त्यांना हातही लावू नये. मूळ तार कापू नये. फ्यूजच्या जागेत बसणारा, दोन फ्यूजांचा जोड बाजारात मिळतो. त्यात मूळचा फ्यूज जसाच्या तसा ठेवून आपल्या शाखेसाठी १ अँपिअरचा वेगळा फ्यूज घालावा. तेथून तार दिव्याकडे, दिव्यातून बटणाकडे आणि बटणातून मोटारीच्या लोखंडी सांगाड्याकडे. तारेला कापडी पट्टी गुंडाळावी. नाहीतर ती पत्र्याच्या कडेवर घासत राहते.

या लहान फ्यूजविषयी दोन शब्द. फ्यूज दिव्याला जपण्यासाठी असतो, असा आमचा समज होता. वस्तुतः तो तारेला जपतो. आमच्या बारीक तारेमागे १५ अँपिअरचा फ्यूज असता, तर कोठे ती उघडी पडून सांगाड्यास टेकल्यावर फ्यूज उडण्याआधी तीच तापून लाल झाली असती. आईसाठी लावलेल्या दिव्यानेच आग लागावी, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता?

बल्बही बदलला. अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा आणला. हा उलटा जोडला तर पेटत नाही. तारा बदलल्या की पेटतो. दिवसभर चुकून जळत राहिला, तरी १ अँपिअर-तासाहून अधिक खात नाही. किल्लीविनाही तो पेटावा हा आग्रह मात्र सोडला नाही. संकट किल्ली फिरवण्याची वाट पाहत नसते.

राहता राहिला जुना प्रश्न: दार लावल्यावर आतला दिवा विझतो, हे कशावरून? बंद फायलीत काय चालले आहे हे वरिष्ठांस कळत नाही, तसाच हा प्रकार. आमच्या मुलीने तोड काढली. मोबाईल चित्रण चालू करून कप्प्यात ठेवला आणि दार लावले. नंतर पाहिले, तो पडदा काळाकुट्ट! अंधार पाहून इतका आनंद आम्हांस आयुष्यात कधी झाला नव्हता.

साखरेची डबी आता कप्प्यात डाव्या कोपऱ्यात, एकटी असते. टोलच्या पावत्यांना तेथून हद्दपार केले आहे. इन्शुलिन मात्र कप्प्यात ठेवीत नाही. उन्हात उभ्या मोटारीत ते बिघडते.

गेल्या खंडेनवमीस, म्हणजे येथल्या आयुधपूजेस, दारात मोटार धुऊन उभी केली. चाकांखाली लिंबे ठेवली, कोहळा फोडला. आई काठी टेकीत आली. तिने स्वतः कप्पा उघडला; उजेड पडला. डबीला आणि दिव्याला हळदकुंकू वाहिले, दार लावले आणि आमच्याकडे वळून विचारले, ‘आत विझला ना रे?’

‘विझला,’ आम्ही म्हणालो. फायलींवर असंख्य उत्तरे लिहिली. पण हे उत्तर आम्ही स्वतः तपासून दिले होते.