निघोजचे रांजणखळगे



पालमच्या परिसरात गोदावरीचे विस्तीर्ण पात्र नित्य पाहणाऱ्या आपण सर्वांनी,
पारनेर तालुक्यातील निघोज येथे
कुकडी नदीने कठीण काळ्या पाषाणात जे अद्भुत कोरीवकाम केले आहे,
ते एकदा अवश्य पाहावे,
अशी माझी मनःपूर्वक विनंती आहे.

हेच ते रांजणखळगे.
प्रवाहाच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे
युगानुयुगे गरगरत राहिले,
आणि खडक रांजणासारखा पोखरला गेला.
काही खळग्यांच्या तळाशी तसे गुळगुळीत गोटे आजही दिसतात.

चाल थोडी आहे.
परंतु खडक उघडा, सावली नाही.
म्हणून हिवाळ्यात जावे,
आदल्या रात्रीच्या मुक्कामाची तजवीज करावी,
आणि सकाळीच निघावे.
पुन्हा सांगतो, सकाळीच.
पाणी आणि न घसरणारी पादत्राणे हवीत.

शेवाळलेल्या काठावर मुलांचा हात सोडू नये;
खळग्यांची खोली वरून उमगत नाही.