म्हैस वांझ नाही, आजारी आहे



गडमुडशिंगीत गोकुळचा पशुखाद्य कारखाना आहे. खुराकाचे महत्त्व इथल्या गवळ्याला सांगायला नको. पण म्हैस भरवूनही दर २१ दिवसांनी उलटत असेल, तर खुराक अंगी लागून उपयोग काय? शेवटी भाकड म्हणून तिला बाजार दाखवतात. पुष्कळदा ती वांझ नसतेच, तिच्या गर्भाशयात पू झालेला असतो.

जंतू शिरतात ते बहुधा विताना. तेव्हा गर्भाशयाचे तोंड उघडे असते. ओली-घाण जमीन, न धुतलेले हात आणि अडकलेली वार, ही तीन कारणे. वार साधारण ८ ते १२ तासांत पडते. १२ तास उलटले की डॉक्टरांना बोलवा. वार ओढू नका, तिला दगड बांधू नका. आतले अस्तर फाटते आणि जंतूंना वाटच मिळते.

आता ओळखायचं कसं? व्याल्यावर १०-१५ दिवस तांबूस घाण पडते, तिला दुर्गंधी नसते. दुर्गंधी आली, ताप भरला, म्हशीने वैरण सोडली, तर त्याच दिवशी उपचार हवा. माजाचा सोट काचेसारखा स्वच्छ असतो. म्हशीचा माज मुका, म्हणून पहाटे ती बसल्या जागी सोट बघा. त्यात पांढरट पू दिसला तर त्या माजाला रेतन करू नका. आधी उपचार, मग पुढचा माज.

गाभण जनावर शेवटच्या तीन महिन्यांत गाभडले तर जास्तच सावध व्हा. तो ब्रुसेलोसिस असू शकतो. हा रोग माणसालाही होतो: ताप येतो-जातो, सांधे धरतात. गोठा बहुतेक घरांत बायकाच झाडतात, म्हणून भगिनींना विशेष सांगणे. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे घाला, चुना टाकून खोल पुरा, जनावराचे रक्त तपासून घ्या. कोल्हापूरला धारोष्ण दुधाची आवड मोठी, पण दूध उकळूनच प्यावे.

रेडी किंवा कालवड ४ ते ८ महिन्यांची असताना या रोगाची लस एकदाच टोचून घ्यावी. गाभण जनावराला ती देऊ नये.

शेवटचं एक काम. गोठ्यात वही टांगा. व्याली कधी, वार पडली कधी, माज आला कधी, एवढंच लिहा. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात, आणि त्या उत्तरावर तुमची म्हैस दावणीला राहते.