जुन्या शर्टाचं झबलं

शिवण शिकायची इच्छा पुष्कळ जणींना असते, पण अडतं ते कापडाशी. दुकानातून नवं कापड आणलं की कात्री लावताना हात थरथरतो. चुकलं तर पैसे वाया जातील ही धास्ती. म्हणून पहिली शिवण जुन्या कपड्यावर शिका, आणि सुरुवात लेकराच्या झबल्यापासून करा.

यात कमीपणा काही नाही. आपल्याकडे तान्ह्या बाळाला जुन्या लुगड्यात, धोतरात गुंडाळायची रीत आहेच. पुष्कळदा धुतलेलं सुती कापड मऊ पडतं, घाम टिपतं, आणि आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं.

पण जुनं म्हणजे कुठलंही नव्हे. कापड आधी उजेडासमोर धरून बघा. धागे विरळ दिसले तर तो भाग सोडा. मग दोन्ही अंगठ्यांनी ताणा. करकरलं, फाटलं, तर ते गोधडीला ठेवा. जरीचा काठ लेकराच्या अंगाला टोचतो, तोही नको. कापड सुती आहे का, अशी शंका आली तर चार धागे काढून मोकळ्या जागी चिमट्यात धरून जाळा. सुती धाग्याची राख होते, वास कागद जळल्यासारखा येतो. नायलॉन, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. घरात चूल असेल तर हे फार ध्यानात ठेवा. असं कापड पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं.

झबल्याला मोठ्या माणसाचा सुती शर्ट सगळ्यात सोपा. शर्ट विरतो तो कॉलरला, कोपराला आणि काखेत. खालचा भाग बहुतेक चांगला राहतो. शर्ट धुऊन, इस्त्री करून, बटणं लावून सपाट पसरा.

आता माप. लेकराला नीट बसणारं एखादं झबलं उभं दुमडा. वर्तमानपत्राची घडी घालून, झबल्याची घडी कागदाच्या घडीवर ठेवा आणि पेन्सिल फिरवा. बाजूंना, खांद्यांना अर्धा इंच शिवण सोडून कापा. झबलं नसेल तर छातीचा घेर मोजा. समजा तो १८ इंच आला. त्यात सैलपणासाठी ४ इंच धरा, झाले २२. पुढचा भाग ११ इंच, मागचा ११. शिवणीसाठी १ इंच धरून प्रत्येक भाग १२ इंच रुंद कापायचा.

उघडलेला कागद शर्टावर असा ठेवा की बटणपट्टी बरोबर मध्ये येईल आणि झबल्याची खालची कड शर्टाच्या शिवलेल्या कडेवर येईल. म्हणजे काज करायला नकोत, खाली दुमडायलाही नको. दोन्ही पदर एकदम कापा. गळा आधी उथळ कापा, मग फक्त पुढचा थोडा खोल करा. कात्री बटणावर येऊ देऊ नका.

शिवताना आधी उलट्या बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर टीप मारा. मग कापड उलटवून पुन्हा पाव इंचावर टीप. कच्ची कड आत झाकली जाते, अंगाला घासत नाही. खांदे आणि बाजू अशाच जोडा. मशीन नसेल तर उलटी टीप घाला, म्हणजे सुई एक पाऊल मागे घेऊन दोन पावलं पुढे काढायची. उसवलेला दोरा पुन्हा वापरू नका, तो कमजोर असतो. गळ्याला आणि बाह्यांच्या जागी शर्टाच्या बाहीतून तिरप्या कापलेल्या पट्ट्या लावा. तिरपी पट्टी वळणावर नीट बसते.

शेवटी तीन गोष्टी. प्रत्येक बटण जोरात ओढून बघा. लेकरू सगळं तोंडात घालत असेल तर बटणं काढून आखूड कापडी बंद लावा. गळ्याशी लांब नाडी कधीच नको. टाचण्या सुरुवातीला मोजा, संपल्यावर पुन्हा मोजा, आणि झबलं घालण्याआधी आतून हात फिरवा.

पहिली टीप वाकडी येईल. येऊ द्या, शर्ट जुनाच होता. बचत गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक जुना शर्ट आणा, मात्र घरच्या माणसाला विचारून. एकीने कागद कापला तर सगळ्यांना पुरेल.