शिडाची बोट आणि चार माणसं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'माझी अटलांटिक सफर'. लाटांचे, डॉल्फिनचे आणि सूर्यास्ताचे फोटो काल रात्री तुम्ही सगळ्यांनी पाहिले, त्यामुळे ते पुन्हा दाखवत नाही. पण काल जेवताना निदान दहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "बाकीची माणसं कुठून मिळवलीस गं?" आज त्याचंच उत्तर देणार आहे, कारण त्या सफरीतलं सगळ्यात अवघड काम तेच होतं.

आधी बोट केवढी ते सांगते. लांबी ३६ फूट, रुंदी साधारण साडेअकरा फूट. आत एक संडास, दोन शेगड्यांचा गॅस आणि झोपायला अरुंद फळ्या. ग्रॅन कॅनरिया बेटावरच्या लास पाल्मासहून निघायचं आणि कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाला पोचायचं, म्हणजे सुमारे २,७०० सागरी मैल. सरांनी भूगोलात शिकवलेले ईशान्य व्यापारी वारे मागून येतात, म्हणून हा मार्ग त्यातल्या त्यात सोपा. तरी आमच्यासारख्या बोटीला तीन आठवडे लागतात. भांडण झालं तर रागाने उठून बाहेर जायची सोय नाही. बाहेर पाणीच आहे.

माझे यजमान किनाऱ्यावरचे. त्यांना बोट नुसती बांधून ठेवलेली असली तरी मळमळतं. म्हणून मला तीन माणसं हवी होती. चार का? चौघांत तीन-तीन तासांची पाळी लावली की प्रत्येकाला मधे नऊ तास मिळतात. दोघांत हेच गणित तीन तास जागा, तीन तास झोप असं होतं. एखादा आजारी पडला की उरलेल्याला झोपच नाही. आणि पाच-सहा माणसं घेतली तर पाणी पुरत नाही. माणशी दिवसाला तीन लिटर पिण्याचं पाणी धरलं तर चौघांना पंचवीस दिवसांचे ३०० लिटर होतात. त्यावर राखीव साठा वेगळा.

हा प्रश्न आपल्या गावाला नवा नाही. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, आणि त्याआधीच जेटीवर तांडेल खलाशी जमवायला लागतात. हल्ली खलाशी लांबून येतात, अगदी नेपाळहूनसुद्धा. पण तांडेलाची चौकशी जुनीच आहे. गेल्या मोसमात कुणाच्या बोटीवर होतास, आणि ती का सोडलीस? मी इंग्लंडमध्ये इतके कोर्स केले, परीक्षा दिल्या, पण माणूस निवडताना यापेक्षा चांगले दोन प्रश्न मला कुणी शिकवले नाहीत.

छोट्या बोटीवर माणसं मिळवण्याचे किस्से पुष्कळ आहेत. टिलमन नावाचे एक इंग्रज गिर्यारोहक होते. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी 'मिस्चिफ' नावाची १९०६ साली बांधलेली जुनी शिडाची बोट घेतली आणि पार दक्षिणेच्या बर्फाळ बेटांपर्यंत नेली. त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली, त्यात स्वच्छ सांगितलं होतं की पगार नाही, पुढे काही मिळायची आशा नाही आणि मजाही फारशी नाही. तरीही माणसं आली. पण नुसत्या हौसेने आलेली सगळीच टिकली नाहीत, आणि टिलमनच्या पुस्तकांत अर्धी कटकट वादळाची तर अर्धी माणसांची आहे. शॅकल्टनच्या नावावर अशीच एक जाहिरात सांगितली जाते, धोका, थंडी आणि काळोखाची. ती मात्र मूळ वर्तमानपत्रात आजवर कुणाला सापडलेली नाही.

शॅकल्टनची खरी गोष्ट त्या जाहिरातीपेक्षा मोठी आहे. १९१६ च्या एप्रिलमध्ये जहाज बर्फात गमावल्यावर एलिफंट बेटावरून साडेबावीस फुटांच्या 'जेम्स केर्ड' होडीत बसून त्यांना मदत आणायला सुमारे ८०० मैल जायचं होतं. बरोबर पाच जण न्यायचे. वर्स्ली घेतला, कारण सूर्य क्षणभर दिसला तरी तो दिशा काढू शकत होता. क्रीन घेतला, कारण तो कुरकुर करणारा नव्हता. पण सुतार मॅकनिश आणि खलाशी व्हिन्सेंट हे कटकटे म्हणून ओळखले जायचे. त्यांना घेण्यामागे कामाचा उपयोग होताच, पण मागे ठेवले तर उरलेल्यांत फूट पाडतील, हीही काळजी होती असं सांगतात. म्हणजे निवड करताना त्यांनी होडीतल्या सहा जणांबरोबरच बेटावर राहणाऱ्या बावीस जणांचाही विचार केला. होडी पोचली आणि पुढे बेटावरचे बावीसही जिवंत परतले.

आता माझ्याकडे येते. दरवर्षी नोव्हेंबरात लास पाल्मासहून बोटींचा मोठा ताफा सेंट लुशियाला निघतो. त्या दिवसांत तिथल्या धक्क्यावर पाठीवर पिशवी घेतलेली तरुण मुलंमुली प्रत्येक बोटीपाशी थांबून विचारतात, "माणूस हवाय का?" फलकांवर चिठ्ठ्या लागतात, फोटोसकट. त्यांतली कितीतरी मुलं उत्तम असतात. पण निघायला चार दिवस असताना धक्क्यावर भेटलेल्या माणसाबरोबर तीन आठवडे काढायचे, हे माझ्या स्वभावात बसत नाही. म्हणून मी आठ महिने आधी सुरुवात केली, ओळखीच्या नौकानयन क्लबांत सांगितलं आणि सतरा जणांशी बोलले.

प्रत्येकाला मी तेच प्रश्न विचारले. गेल्या बोटीवरून का उतरलात? कोणती औषधं घेता? मळमळलं तर काय करता? माझा निर्णय चुकीचा वाटला तर कसं सांगाल? शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी. एक गृहस्थ माझ्यापेक्षा जास्त वेळा समुद्र ओलांडून आलेले होते. ते म्हणाले, "तुमचा निर्णय चुकला तर मी तो दुरुस्त करून टाकीन." विचारून नाही, करून टाकीन. त्यांना मी नम्रपणे नाही म्हटलं.

मग परीक्षेची सफर. सोलेंटमधून रात्री निघून इंग्लिश खाडी पार करून फ्रान्समधल्या शेरबूरला जायचं, दुसऱ्या दिवशी परत. साठ-सत्तर सागरी मैल, मधे मोठ्या जहाजांची वर्दळ, आणि बहुधा थंडी. शीड कोण चांगलं ओढतो यापेक्षा मला तिथे दुसरंच बघायचं असतं. पाळीला पाच मिनिटं आधी कोण उठतं? स्वतःला चहा करताना दुसऱ्याला कोण विचारतं? उलटी झाल्यावर बादली कोण धुतं? बोटीला बांधायचा पट्टा अंधारात न सांगता कोण लावतं? दोन दिवसांत ही उत्तरं मिळतात. शिडाच्या गाठी महिन्याभरात शिकवता येतात, पण बादली धुणं साठीत शिकवता येत नाही.

शेवटी तिघं ठरली. एक निवृत्त नर्स, एक तिशीतला सुतार, आणि एक गणिताची शिक्षिका. सुतार आणि शिक्षिका यांनी तोवर एकही महासागर ओलांडला नव्हता. खर्च वाटून घेतला, किराणा, डिझेल आणि बंदराचं शुल्क, सगळं एका वहीत. खर्चात वाटा घेणं वेगळं आणि भाडं घेणं वेगळं. भाडं घेतलं की बोट व्यवसायाची ठरते आणि विमा व नियम दोन्ही बदलतात. निघण्याआधी आणखी एक गोष्ट कागदावर लिहिली. मी आजारी पडले तर बोट कोण चालवेल? नर्सबाई. हे चौघांनी वाचून सह्या केल्या.

तो कागद नवव्या रात्री उपयोगी पडला. आडवी लाट आली, मी पायऱ्यांवर पाठीवर आपटले आणि बरगडी मोडली. श्वास घेताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. नर्सबाईंनी तपासलं, उपग्रह फोनवर डॉक्टरांशी बोलल्या, आणि शांतपणे म्हणाल्या, "आता तू खाली. पाच दिवस बोट माझी." वादाचा प्रश्नच आला नाही, कारण तो वाद आम्ही किनाऱ्यावर आधीच मिटवला होता. पाळ्या तिघांत बदलल्या, तीन तास काम आणि सहा तास विश्रांती. मी फळीवर पडून पाण्याचा आवाज ऐकत होते आणि बोट नीट चालली होती. शिक्षिकेने दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यातल्या मेतकुटाचा भात करून आणला. तिने ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं! बावीस दिवसांनी आम्ही सेंट लुशियाच्या रॉडनी बेमध्ये पोचलो.

आता एक गोष्ट सांगते, ज्याच्याबद्दल आहे त्याची परवानगी घेऊन. तो इथेच बसलाय. सफरीच्या आधी आपल्याच वर्गातल्या या मित्राचा फोन आला. "माझ्या मुलाला घेऊन जा. कॉलेज सोडून घरी बसलाय. समुद्रावर राहिला की सरळ होईल." मी विचारलं, "त्याला यायचंय का?" तिकडून उत्तर आलं नाही. मी नाही म्हटलं. त्याला वाटलं, परदेशात राहून मी माणसं विसरले. पुढची दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही.

मला त्या नकाराचं वाईट वाटत होतं, पण कारण सांगण्यासारखं होतं. पहाटे तीनला थंडीत उठवल्यावर माणूस कुणाच्या तरी आग्रहाखातर उठत नाही. जो स्वतः आलेला असतो तोच उठतो. आणि ज्याला 'नाही' म्हणायची मोकळीक नव्हती, त्याच्या 'हो'वर बाकीच्या तिघांचा जीव टांगता येत नाही.

पुढे त्या मुलाने स्वतः मला लिहिलं. काय शिकून येऊ, असं विचारलं. पोहायला शिकला, व्हिसाची कागदपत्रं स्वतः जमवली आणि एका उन्हाळ्यात दोन आठवडे आमच्या बोटीवर आला. पहिले तीन दिवस बादली सोडली नाही, पण बादली स्वतः धुतली. जाताना म्हणाला, "आत्या, मला बोट नाही आवडली. पण तिचं इंजिन आवडलं." आज तो इथल्याच जेटीवर ट्रॉलरची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो. काल रात्री त्याच्या बाबांनी माझ्या ताटात दोन जास्तीचे मोदक वाढले, तेव्हा आमचं खातं मिटलं असं मी धरलंय.

तुमच्या घरातली कुणी मुलगी किंवा मुलगा अशा बोटीवर जायचं म्हणाला तर काय बघायचं, तेही सांगते. बोट बघितल्याशिवाय हो म्हणू नये. जीवरक्षक तराफ्याची तपासणी कधी झाली आणि संकटात उपग्रहाला इशारा देणारं यंत्र नोंदवलेलं आहे का, हे विचारावं. जीवरक्षक जाकीट स्वतःच्या अंगावर घालून बघावं. आधीच्या सोबत्यांशी फोनवर बोलावं, आणि कप्तान त्यांचे नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबावं. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवावेत, पासपोर्ट आपल्या हाताशी असावा. पहिली भेट चारचौघांत असावी आणि पहिली सफर छोटी. मन कचरलं तर निघायच्या सकाळीही उतरावं. त्याबद्दल चांगला कप्तान कधीच रागावत नाही.

आपल्याकडचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. नौदलाच्या सहा महिला अधिकारी, लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली, १० सप्टेंबर २०१७ ला 'तारिणी' घेऊन गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ ला परत आल्या. बोटही गोव्यातच, दिवाडी बेटावर बांधलेली. त्यांच्या त्या सफरीचं कौतुक झालं, ते योग्यच. पण मला जास्त कौतुक आधीच्या तयारीचं वाटतं. त्याआधी त्या एकत्र मॉरिशसला जाऊन आल्या होत्या, केप टाउनलाही. दक्षिणेच्या वादळात शिरताना त्यांना एकमेकींचे स्वभाव नव्याने कळायचे नव्हते.

माझी वेळ संपत आली, समोर बाई घड्याळ बघताहेत. तेव्हाही बघायच्या! पुढच्या जूनमध्ये माझी बोट इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर असेल आणि एक फळी रिकामी आहे. वयाची अट नाही, अनुभवाची नाही. ज्याला यायचंय त्याने फोन करावा. मात्र ज्याचा त्याने. मुलासाठी, सुनेसाठी, नवऱ्यासाठी आलेले फोन घेतले जाणार नाहीत. दोन प्रश्न मी विचारणारच आहे, उत्तरं तयार ठेवा.