छापील तिकिटाचं जर्मन कार्ड

जर्मन पोस्टात सरकारी कार्डं आली १८७० साली, पण त्यावर तिकीट वेगळं चिकटवावं लागे. तिकीट कार्डावरच छापलेलं मिळू लागलं ते १८७३ पासून.

अशा कार्डाचा काळ ओळखायचा तर आधी त्यावरचं नाणं पाहा. ग्रोशेन असेल तर ते १८७५ पूर्वीचं. त्यानंतर ‘फेनिगे’ असं अनेकवचन आलं आणि १८८० पासून नुसतं ‘फेनिग’. एका शेपटीच्या अक्षरावरून पाच वर्षांचा काळ हाती लागतो! १९०० मध्ये तिकिटावर मुकुटधारी जेर्मानिया, म्हणजे जर्मनीचं स्त्रीरूप, आली. तिच्याखाली ‘राइशपोस्ट’ लिहिलेलं असेल तर कार्ड जुनं. १९०२ पासून तिथे ‘डॉइचेस राइश’ दिसतं. बव्हेरिया या जर्मन राज्याची कार्डं मात्र वेगळी लावावीत. त्यांचं पोस्ट १९२० पर्यंत स्वतंत्र होतं.

काही कार्डांच्या कोपऱ्यात बारीक आकडे असतात. १२८८ म्हणजे डिसेंबर १८८८ची छपाई. भिंगाशिवाय ते सुटतातच.

आपल्याकडच्या जोडकार्डासारखी उत्तराची कार्डंही तिथे होती. दोन्ही भाग जोडलेले मिळाले तर सोडू नका. आणि छापील तिकीट कापून वहीत चिकटवण्याची जुनी हौस? कृपा करून कात्री लांब ठेवा. संग्राहक किंमत देतात ती अखंड कार्डाला.