अंगणातली शाळा

दुबलगुंडीत लहानग्यांच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणजे नाकं पुसणारी, चपला सरळ घालून देणारी, मधेच हजेरी मांडणारी बाई.

गेल्या जूनमध्ये एक पोर चार दिवस तहानलेलंच घरी गेलं. वर्गात सगळे 'नीरु' मागत. याच्या घरी मराठी. पाचव्या दिवशी मी विचारलं, "पाणी हवं का रे?" गडी दोन पेले प्यायला! चूक माझीच.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली. मुलं येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. आज कानडी पाटीवरही तोच शब्द आहे. कानडी मुलं शिकतीलच; त्यांची घरची बोली मात्र उंबऱ्याबाहेर ठेवायला लावू नका.

गणपती बाप्पा मोरया!