जुन्या लष्करी ट्रकची जन्मतारीख

आपल्याकडच्या जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं उघडून पाहिली, तर एक गंमत दिसते. अर्धा गाव १ जूनला जन्मलेला असतो! मुलगा शाळेत घालायला आणला, बापाला तारीख ठाऊक नाही. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून गुरुजींनी १ जून लावून दिली. तीच दाखल्यावर आली, तीच नोकरीत लागली आणि पेन्शनही तिच्याच हिशेबाने बसली. पण घरातली म्हातारी सांगते, "छे, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हा रांगत होता." भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ रोजी. रांगणारं मूल सात-आठ महिन्यांचं धरलं, तर जन्म त्याच वर्षीच्या एप्रिल-मेच्या सुमाराचा ठरतो. कागद एक सांगतो, आठवण दुसरं सांगते, आणि खरं काय ते दोन्ही ताडून काढावं लागतं.

जी गोष्ट माणसाची, तीच जुन्या वस्तूंचीही. आज मी एका लष्करी ट्रकचं उदाहरण घेणार आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने अडीच टनी, सहा चाकांवर जोर असलेला एक ट्रक बांधला. बॉनेटवरच्या जाळीवर जी. एम. सी. ही अक्षरं. १९४१ ते १९४५ या काळात या कुळातल्या पाच लाखांहून अधिक गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. युरोपातल्या रणांगणांवर त्या धावल्या, तशाच आपल्या आसामातल्या लेडोहून ब्रह्मदेशामार्गे चीनकडे जाणाऱ्या रस्त्यावरही धावल्या. लढाई संपल्यावर लष्कराने जुन्या गाड्या विकून टाकल्या. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द आपल्याकडे तेव्हाच रुळला आणि मिलिटरीच्या किती तरी गाड्या पुढे मालाच्या आणि प्रवाशांच्या वाहतुकीला लागल्या.

असा एखादा जुना ट्रक समोर उभा राहिला, तर तो नेमका कोणत्या साली बांधला हे कसं ओळखायचं?

पहिला सापळा त्याच्या नावातच आहे. या गाडीचं कारखान्यातलं नाव सी. सी. के. डब्ल्यू. यातली प्रत्येक खूण काही तरी सांगते. 'के' म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर, 'डब्ल्यू' म्हणजे मागच्या दोन्ही आसांना जोर, मधला 'सी' म्हणजे नेहमीच्या घडणीची केबिन. आणि पहिला 'सी' म्हणजे १९४१ साल! वाचणारा खूश होतो आणि पाटी लावून मोकळा होतो. पण हे साल आराखड्याचं आहे, त्या गाडीचं नव्हे. १९४५ साली बाहेर पडलेल्या गाडीवरही तोच 'सी' असतो. घराण्याचा मूळ पुरुष कधी झाला, यावरून नातवाचं वय सांगण्यासारखाच हा प्रकार.

दुसरा साक्षीदार म्हणजे डॅशबोर्डवरच्या धातूच्या पट्ट्या. त्यांवर गाडीचा अनुक्रमांक असतो, वजन असतं आणि एक तारीखही असते. मात्र ती तारीख गाडी लष्कराच्या स्वाधीन केल्याची असते. ती बांधणीच्या जवळची असली, तरी तीच बांधणीची असं म्हणता येत नाही. आपल्या भारतीय सेनेच्या गाड्यांवरही असंच असतं. नंबरप्लेटवर आधी वर तोंड केलेला बाण, मग दोन आकडे. हे दोन आकडे गाडी सेनेत दाखल झाल्याचं साल सांगतात. शाळेत नाव घातल्याची तारीख आणि जन्माची तारीख यांत जो फरक, तोच इथेही. शिवाय पट्टी चार स्क्रूंवर बसलेली असते. ती एका गाडीवरची काढून दुसऱ्या गाडीवर लावता येते. म्हणून पट्टीवरचा अनुक्रमांक चासीच्या लोखंडात ठोकलेल्या अनुक्रमांकाशी जुळतो की नाही, हे आधी पाहायचं. जुळला नाही, तर पट्टीची साक्ष तिथेच संपली.

तिसरा साक्षीदार इंजिन. जनरल मोटर्सच्या अनेक ओतीव भागांवर ओतकामाची तारीख उठवलेली असते. आधी महिन्याचं अक्षर, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. 'ए' म्हणजे जानेवारी, 'बी' म्हणजे फेब्रुवारी, असं 'एल' म्हणजे डिसेंबरपर्यंत. समजा, 'एच १४ ३' अशी खूण मिळाली, तर तो भाग १४ ऑगस्टला ओतला आणि साल तीनने संपणारं. आता हे १९३३, १९४३ की १९५३? ट्रक बांधले गेले १९४१ ते १९४५ मध्ये, तेव्हा मूळ भागाचं साल १९४३च. पण इथेही जपून राहावं लागतं. लष्कराच्या वर्कशॉपात गाडी उघडली की दमलेलं इंजिन काढून दुसरं बसवत. १९५० साली कोरियात युद्ध पेटलं, तेव्हा पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरून गोळा केलेल्या जुन्या गाड्या जपानात नव्याने उभ्या करून पाठवल्या गेल्या. अशा गाडीत एकाचं इंजिन, दुसऱ्याची केबिन आणि तिसऱ्याचा हौदा असला, तर नवल नाही.

मग आधार कशाचा घ्यायचा? इथे कोयनेच्या भूकंपासारखी एखादी ठळक घटना उपयोगी पडते. या ट्रकच्या आयुष्यातला भूकंप म्हणजे पोलादाची टंचाई. सुरुवातीच्या गाड्यांना पत्र्याची बंद केबिन होती आणि हौदाही पोलादी होता. लढाई वाढली तसं पोलाद रणगाड्यांना आणि जहाजांना हवं झालं. म्हणून हौदा लाकडाचा आला. १९४३ मध्ये केबिनचं पत्र्याचं छत आणि दारं जाऊन वर ताडपत्री आली. त्यात पत्रा वाचला, आणि उंची कमी झाल्याने जहाजात गाड्या रचणंही सोपं झालं. पुढे लाकूड आणि पोलाद यांचा मिश्र हौदा आला. तेव्हा ताडपत्रीची केबिन मुळापासूनची असेल, तर गाडी १९४३च्या आधीची असू शकत नाही. ही खूण नेमकी तारीख देत नाही. 'याच्या अलीकडे' एवढीच हद्द घालून देते. पण तेवढीही पुष्कळ असते.

इथे एक सावधगिरी सांगतो. दोन गाड्यांत फरक दिसला, म्हणजे एक जुनी आणि एक नवी असं लगेच ठरवू नये. या ट्रकच्या आसांची घरं दोन तऱ्हेची असतात. एक मधोमध जोडलेलं, दुसरं मधे गोल फुगीर. पाहणारा म्हणतो, हे आधीचं, ते नंतरचं. वास्तविक दोन्ही तऱ्हा एकाच काळात बसवल्या जात होत्या. आस पुरवणारे कारखानेच निराळे होते. एकाच वर्षी दोन सुतारांनी केलेल्या बैलगाड्या सारख्या नसतात, तसंच हे.

आता सगळे साक्षीदार एकत्र बोलावू. समजा, एका ट्रकला ताडपत्रीची केबिन आहे, हौदा लाकडी आहे, इंजिनावर १४ ऑगस्ट १९४३ची खूण आहे, पट्टीवर ऑक्टोबर १९४३ आहे आणि पट्टीचा अनुक्रमांक चासीशी जुळतो आहे. एकमेकांना न विचारता चौघांनी एकच गोष्ट सांगितली. तेव्हा ही गाडी १९४३च्या ऑगस्ट-ऑक्टोबरमधली, असं निर्धास्त म्हणावं. पण केबिन बंद पत्र्याची आणि इंजिन १९४४चं निघालं, तर दोघांपैकी एक नंतर बसवलेलं आहे. अशा वेळी सरासरी काढायची नसते. कोण पाहुणा आहे, ते शोधायचं असतं.

कोणी म्हणेल, लोखंडाच्या ट्रकसाठी एवढी उठाठेव कशाला? दोन वर्षांनी काय बिघडतं?

बिघडतं. लेडोच्या रस्त्याचं काम डिसेंबर १९४२ मध्ये सुरू झालं. तिथे पंधरा हजारांवर अमेरिकी सैनिक राबले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. चहामळ्यांतल्या मजुरांसह हजारो भारतीय आणि स्थानिक माणसं राबली. पाऊस, दरडी आणि हिवताप यांत किती तरी माणसं गेली. पहिला तांडा १२ जानेवारी १९४५ रोजी लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला चीनमधल्या कुनमिंगला पोचला. आता आपण मघाच्या ट्रकवर पाटी लावली की 'हा १९४२ साली लेडो रस्त्याच्या पायाभरणीला हजर होता', तर ती धादांत खोटी ठरेल, कारण तेव्हा तो जन्मलाच नव्हता. पाहायला आलेलं पोर ते खरं मानून घरी जाईल. आणि ज्यांनी तो पहिला चिखल खरोखर तुडवला, त्यांच्या वाट्याचा मान आपण नकळत दुसऱ्याला देऊन बसू.

आपल्याकडे ही सवय थोडी नाही. गावातली प्रत्येक तलवार 'शिवकालीन' आणि प्रत्येक देऊळ 'पांडवकालीन'. यात प्रेम असतं, अभिमान असतो, हे मला मान्य आहे. पण महाराजांवर प्रेम असेल, तर त्यांच्या काळची तलवार कोणती आणि नंतरची कोणती, हे तपासण्याचे कष्ट आपण घ्यायला हवेत.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावंसं वाटतं. हा अभ्यास शिकवायला लष्करी ट्रक लागत नाही. शाळेची घंटा, विहिरीवरचं जुनं ऑइल इंजिन, शिंप्याचं शिवणयंत्र, उसाचा चरक यांतलं काहीही चालेल. फळ्यावर तीन रकाने आखा. पहिल्यात वस्तूवर काय लिहिलं आहे ते, दुसऱ्यात डोळ्यांना काय दिसतं ते, आणि तिसऱ्यात गावातली जाणती माणसं काय सांगतात ते. तिसरा रकाना गाळू नका. कोयनेच्या भूकंपाची आठवण त्याच रकान्यातून आली होती. मग मुलांना एवढंच विचारा: तिन्ही रकाने कुठे जुळतात? आणि जिथे जुळत नाहीत, तिथे मागाहून काय बसवलं असेल?

जमलं तर साल लिहा. नाही जमलं, तर 'अमुक सालाच्या अलीकडचं' एवढं लिहा, आणि ते कशावरून ठरवलं हे त्याच ओळीत नोंदवून ठेवा, म्हणजे उद्या कोणाला नवी खूण सापडली, तर त्याला आपलं काम पुढे नेता येईल.